बाळाच्या बाहुलीत पांढरा ठिपका: थांबायचं की धावायचं?

सांतइनेजकर
जन्मजात मोतीबिंदू म्हटला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. "आजच्या आज बांबोळी (गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज) गाठा" किंवा "चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे, मूल जरा मोठं झालं की बघू." दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. जागा चुकली की दोन्ही महाग पडतात.

माझं म्हणणं असं की ठिपका किती पांढरा दिसतो यावरून काहीच ठरवू नये. भिंगाच्या पुढच्या आवरणावरचा मिलिमीटरभर शुभ्र ठिपका शेजारीणसुद्धा दाखवते, पण तो बहुधा दृष्टी अडवत नाही. मागच्या आवरणाजवळची धुरकट चकती आईलाही दिसत नाही, आणि नेमकी तीच दृष्टी खाते. सगळे किरण एकमेकांना छेदतात ती जागा भिंगाच्या मागच्या बाजूला जवळ असते, त्यामुळे तिथला छोटा डागही सगळं धूसर करतो.

आता प्रश्न. समजा ५ महिन्यांचं बाळ आहे. एकाच डोळ्यात, भिंगाच्या पुढच्या ध्रुवावर (पुढच्या टोकावर), बरोबर मधोमध १ मिमीचा ठिपका. आजूबाजूने दृष्टिपटल स्वच्छ दिसतं. "ऑपरेशनची गरज नाही" एवढं लिहून कागद हातात दिला तर पुरे आहे का?

प्रसूतिवॉर्ड_रात्रपाळी
त्याच्या आधीची पायरी, म्हणजे ठिपका सापडणं, तीच अनेकदा चुकते. बाळ घरी जाण्याआधी लाल चमक, म्हणजे डोळ्यात टाकलेला प्रकाश बाहुलीतून परत येतो ती, बघायची असते. खोलीत अंधार, ऑफ्थॅल्मोस्कोपची (डोळ्यात बघायच्या हातातल्या यंत्राची) चकती शून्यावर. आधी हातभर अंतरावरून दोन्ही डोळे एकाच प्रकाशात, मग ३० ते ४५ सेंमीवरून एकेक. आपल्या बाळांची चमक चित्रातल्यासारखी लालभडक नसते. नारिंगी, पिवळट, कधी मंद तपकिरी असते. त्यामुळे रंगापेक्षा दोन डोळ्यांतला फरक बघा.

बाळ डोळे उघडत नसेल तर बोटांनी पापण्या ताणू नका, ते आणखी घट्ट मिटतं. थोडं दूध पाजून उभं धरायचं आणि हलकेच पुढेमागे झुलवायचं, आपोआप उघडतं. तरी शंका राहिली तर बाहुली मोठी करायचे थेंब, ट्रॉपिकामाइड ०.५ टक्के आणि फेनिलेफ्रिन २.५ टक्के. फेनिलेफ्रिनची १० टक्क्यांची बाटली त्याच ट्रेमध्ये उभी असते, ती तान्ह्यांच्या जवळपासही नको. रक्तदाब चढतो.

काणकोण_एक्सप्रेस
मोबाइलचा फ्लॅश मारून चालत नाही का? घरोघरी आहे.

प्रसूतिवॉर्ड_रात्रपाळी
संशय घ्यायला चालतो, निर्वाळा द्यायला नाही. मूल नाकाकडे जरासं वळून बघत असेल तर चांगल्या डोळ्यातही फ्लॅश डोळ्याच्या नसेच्या तोंडावर पडतो आणि बाहुली पांढरी येते. आणि समोरून काढलेला फोटो छान आला म्हणून डाग नाही असंही नाही. पण एकच डोळा फोटोंत पुन्हा पुन्हा पांढरा येत असेल तर थांबू नये.

मुळगावकर
पांढरी बाहुली म्हणजे मोतीबिंदूच, असं आधीच धरून चालू नका. दृष्टिपटलाची गाठ, रेटिनोब्लास्टोमा, हीसुद्धा अशीच दिसते आणि ती जिवावर बेतते. मागचं काही दिसत नसेल तर आधी सोनोग्राफी, म्हणजे बी-स्कॅन. त्यातच भिंगामागून नसेपर्यंत जाणारा दोर दिसला, तर गर्भातली रक्तवाहिनी विरघळायची राहून गेली आहे. असा डोळा बहुधा एकच असतो, जरा लहान असतो आणि ऑपरेशनला त्रास देतो. हे आधी कळलं तर घरच्यांना खरी कल्पना देता येते.

तपासण्यांवर पैसे उधळतात ते वेगळंच. एकाच डोळ्यात असेल आणि बाळ बाकी ठणठणीत असेल तर रक्ताच्या लांबलचक यादीतून फारसं काही निघत नाही. दोन्ही डोळ्यांत असेल तर सगळ्यात स्वस्त तपासणी आधी करा: आईबापांच्या बाहुल्या मोठ्या करून स्लिट लॅम्पखाली (डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बसवा. आनुवंशिक मोतीबिंदू बऱ्याचदा एका पालकाकडून थेट येतो, आणि त्या पालकाला स्वतःच्या डोळ्यातले बारीक डाग माहीतही नसतात. मुलगा असेल, अंग सैल असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील, तर लोव्ह सिंड्रोमचा (डोळे, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजाराचा) विचार करा. त्यात आईच्या भिंगात ठिपक्यांची विशिष्ट रांगोळी सापडते.

भिंगरी
मुळगावकर, गॅलॅक्टोसेमियाचं, म्हणजे दुधातली साखर अंगी न लागण्याच्या जन्मजात आजाराचं, लिहा ना. लघवीच्या पट्टीवर "साखर नाही" आलं म्हणून फाइल बंद करतात.

मुळगावकर
बरोबर पकडलंत. नेहमीची पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, गॅलॅक्टोज तिला कळतच नाही. त्यासाठी जुनी बेनेडिक्टची परीक्षा हवी, आणि बाळाच्या पोटात दूध गेलेलं असताना घेतलेली लघवी हवी. सलाइनवर उपाशी ठेवलेल्या बाळात ती खोटी नकारार्थी येते. पक्कं निदान रक्तातल्या एन्झाइमवरून. ह्या आजारात भिंगाच्या मधोमध तेलाचा थेंब तरंगल्यासारखं दिसतं. आईचं दूध धरून सगळं दूध लवकर बंद केलं तर तो थेंब विरूही शकतो. चाकू न लावता निवळणारा जन्मजात मोतीबिंदू विरळाच.

रुबेला आता कमी झाला म्हणून विसरू नये. गरोदरपणातला रुबेला आणि बाळाचा मोतीबिंदू यांचं नातं ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवलं. आपल्याकडे गोवर-रुबेला लशीची मोहीम २०१७ च्या पहिल्या टप्प्यात आली, त्यात गोवा होता. रुबेलाच्या बाळाचं हृदय आणि कान तपासल्याशिवाय नुसते डोळे बघून सोडू नका. आणि हे बाळ वर्षभरही विषाणू टाकत राहू शकतं. लस न झालेल्या गरोदर नर्सला त्याच्या ड्यूटीवर लावू नये.

काणकोण_एक्सप्रेस
विषयांतराची माफी. 'कॅटरॅक्ट' म्हणजे मुळात धबधबा असं वाचलंय. म्हणजे दूधसागर. पांढरा, आणि पलीकडचं काही दिसत नाही. नाव आपणच द्यायला हवं होतं.

भिंगरी
आपल्या नावातला मोतीही वाया गेलेला नाही. ऑपरेशननंतर उरलेल्या पेशी वाढून आवरणावर जे बुडबुडे येतात त्यांना डॉक्टर मंडळी एल्श्निगचे मोतीच म्हणतात. मोती काढला की परत मोती.

सांतइनेजकर
आणि म्हणूनच तान्ह्याचं ऑपरेशन आजोबांच्या ऑपरेशनसारखं नसतं. आजोबांचं मागचं आवरण जपतात. बाळाचं तसंच ठेवलं तर थोड्या दिवसांत गढूळ होतं आणि ते साफ करायच्या लेझर मशीनवर मूल हनुवटी टेकून बसणार नाही. म्हणून ५-६ वर्षांखालच्या मुलांत मागच्या आवरणालाही मधोमध गोल खिडकी करतात आणि तिथला काचद्रव (डोळ्यातला जेलीसारखा पदार्थ) थोडा कापून घेतात, म्हणजे पेशींना पसरायला आधार उरत नाही. हे एकाच बैठकीत होतं.

वेळेचं म्हणाल तर एकाच डोळ्यात असेल तर ४ ते ६ आठवड्यांच्या दरम्यान, दोन्हींत असेल तर साधारण ८ आठवड्यांपर्यंत, आणि दोन ऑपरेशनांत फार अंतर नको. एकाच डोळ्याला घाई जास्त, कारण चांगला डोळा मेंदूतली जागा बळकावून बसतो. पण ४ आठवड्यांच्या आत केलं तर पुढे काचबिंदूचा (डोळ्याचा दाब वाढण्याचा) धोका वाढतो. म्हणजे "आजच्या आज" म्हणणाऱ्यांनी तपासणीची घाई करावी, चाकूची नको. तिसऱ्या महिन्याच्या आसपास डोळे थरथरू लागले तर समजायचं, चांगली वेळ निघून गेली. तरीही ऑपरेशन करतात, अपेक्षा मात्र उतरवाव्या लागतात.

पट्टीवाली
सगळं खरं, पण ते "३ मिमीपेक्षा मोठा तर काढा" हे सूत्र घोकून येणाऱ्यांचा कंटाळा आलाय. अडीच मिमीचा दाट डाग नजर रोखतो आणि चार मिमीचा जाळीदार डाग वाचू देतो. बाहुली न वाढवता दृष्टिपटलाच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात का? रेटिनोस्कोपची (प्रकाश टाकून नंबर काढायच्या यंत्राची) चमक तुटक आहे की सलग? मूल चेहऱ्याकडे बघतं का? चांगला डोळा हाताने झाकला की रडतं आणि दुसरा झाकला की गप्प बसतं, हे कुठल्याही मोजपट्टीपेक्षा बोलकं आहे.

सांतइनेजकर
पट्टीवालीताई, मान्य. ३ मिमी ही धोक्याची घंटा, निकाल नव्हे.

म्हापशेकर_मामा
एक साधा प्रश्न. भिंग काढलं तर त्याच वेळी कायमचं कृत्रिम भिंग का बसवत नाहीत? मोठ्यांना तर पाच मिनिटांत बसवतात.

भिंगरी
मामा, कारण डोळा वाढतो. जन्मतः डोळ्याची लांबी १७ मिमीच्या आसपास, मोठेपणी २३-२४. आज बरोबर बसवलेलं भिंग शाळेत जाईपर्यंत मोठा उणे नंबर देतं. म्हणून बसवलंच तर मुद्दाम कमी ताकदीचं बसवतात. २ वर्षांखाली साधारण २० टक्क्यांनी कमी, मोठ्या मुलांत १० टक्क्यांनी, आणि उरलेलं चष्म्यावर.

अमेरिकेतला एक मोठा अभ्यास यावरच आहे. एकाच डोळ्यात मोतीबिंदू असलेली ११४ बाळं, वय १ ते ७ महिन्यांच्या आत. अर्ध्यांना कृत्रिम भिंग, अर्ध्यांना कॉन्टॅक्ट लेन्स. ५ वर्षांनी दोन्ही गटांची नजर सारखीच निघाली, पण भिंगवाल्यांपैकी ७२ टक्क्यांना डोळ्यात पुन्हा ऑपरेशन लागलं, लेन्सवाल्यांपैकी २१ टक्क्यांना. म्हणून ७ महिन्यांखाली लेन्स बरी.

मुळगावकर
अभ्यासातल्या आईबापांना लेन्स वेळेवर मिळत होत्या. सांगे, धारबांदोड्यातल्या घरात ती हरवली आणि दुसरी यायला तीन आठवडे लागले, तर तेवढे दिवस डोळा आंधळाच. अशा घरासाठी आत बसवलेलं भिंग हा वाईट सौदा नाही. पुन्हा ऑपरेशन लागलं तर लागलं.

भिंगरी
पटतं अर्धंच. उत्तर दुसऱ्या लेन्सचं आहे, ऑपरेशनचं नाही. भूल दिलेली असतानाच बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून घ्या आणि एक जादा लेन्स त्याच वेळी मागवा. तान्ह्यांची सिलिकॉनची लेन्स ११.३ मिमी व्यासाची, नंबर अधिक २० ते ३२ च्या घरात. नंबर दूरचा द्यायचा नाही. तान्ह्याचं जग हातभर असतं, म्हणून २.५ ते ३ जास्तच द्यायचा. चालायला लागलं की तो कमी करत न्यायचा आणि पुढे दुहेरी नंबरचा चष्मा.

लेन्स दिसत नसेल तर आधी वरची पापणी उलटून बघा, बहुतेक वेळा तिथेच सरकलेली असते. मग उशी, मग बाळाची मूठ. विहिरीचं किंवा नळाचं पाणी लेन्सला लावू नका, उकळून गार केलेलंही नको. त्यातला अमिबा बुबुळात शिरला की मूळ दुखणं परवडलं म्हणायची पाळी येते. पावसाळ्यात डबी झाकून ओली ठेवली की बुरशी धरते. द्रावण ओतून टाका, डबी पालथी वाळवा, ती तीन महिन्यांनी फेका. डोळा लाल झाला की आधी लेन्स बाहेर, मग फोन.

दोन्ही डोळे असतील तर चष्म्यावर उत्तम भागतं. लहान गोल फ्रेम, सिलिकॉनचा नाकपूल, मागे इलॅस्टिक. अधिक २० चा चष्मा नाकावरून ४ मिमी घसरला की डोळ्याशी त्याची ताकद पावणेदोन नंबरने वाढते. म्हणून पट्टा सैल ठेवू नका. एकाच डोळ्याला मात्र चष्मा नको. दोन प्रतिमांच्या आकारात एवढा फरक पडतो की मेंदू एक टाकूनच देतो.

म्हापशेकर_मामा
समजलं. आणि चांगला डोळा झाकायच्या त्या पट्टीचं काय?

पट्टीवाली
मामांनी दार उघडलंत, आता ऐका.

पट्टी चांगल्या डोळ्यावर. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात लेन्स आहे याची खात्री करून मगच. लेन्स नसताना पट्टी लावली तर मुलाचे दोन्ही डोळे बंद. वरच्या अभ्यासातलं प्रमाण वापरायला सोपं आहे: वयाच्या जितक्या महिन्यांचं बाळ तितके तास रोज, ८ महिन्यांपर्यंत. त्यानंतर जागेपणीचा अर्धा वेळ. तान्ह्याला दिवसभर बांधून ठेवू नका, चांगला डोळाही आळशी होतो. झोपेत लावलेली पट्टी हिशेबात धरायची नाही, हे सांगावं लागतं. दोन्ही डोळ्यांत सारखंच असेल तर पट्टी लागत नाही, फरक पडला तरच.

चष्म्यावर लावायच्या कापडी पट्टीला मुलं कडेने डोकावून हरवतात. चिकटपट्टी कातडीलाच लावा. आपल्याकडच्या घामात ती अर्ध्या तासात सुटते, म्हणून चेहरा कोरडा पुसा आणि नाकाच्या बाजूने बाहेर चिकटवत न्या. काढताना ओरबाडू नका. कडेला बोटाने खोबरेल लावून पाच मिनिटं थांबा, डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका. पुढची लावायच्या आधी ते तेल साबणाने नीट काढा. बऱ्याच घरांत "पट्टी चिकटतच नाही" याचं कारण हे कालचं खोबरेलच असतं. कातडी सोलली तर रोज थोडी तिरकी लावा.

काणकोण_एक्सप्रेस
कार्निव्हलला समुद्री चाच्याच्या पोशाखाचा खर्च वाचला.

पट्टीवाली
हसू नका, चार वर्षांच्या मुलावर तेच चालतं. पट्टीवर चित्र काढायला द्या आणि पट्टी असतानाच मणी ओवणं, तांदळातून खडे वेचणं असली कामं द्या.

दाब_मोजणारा
धागा वाचून असं वाटेल की पट्टीपाशी गोष्ट संपते. काचबिंदू राहिला. तान्हेपणी भिंग काढलेल्या डोळ्यांत तो महिन्यांनी येतो, कधी दहा-पंधरा वर्षांनीही येतो. त्याच अभ्यासात १० वर्षांत सुमारे २२ टक्के डोळ्यांत आला. भिंग बसवलं म्हणून टळला असंही नाही.

पाणी येणं, उजेडात डोळे मिटणं, बुबुळ धूसर होणं ही लक्षणं सगळे सांगतात. दोन गोष्टी कमी सांगितल्या जातात. एक, नंबर. लेन्सचा अधिक नंबर दोन भेटींत अपेक्षेपेक्षा झपाट्याने उतरला तर घरचे खूश होतात, पण डोळा दाबाने ताणला जात असू शकतो. दोन, सौंदर्य. "काय टपोरे डोळे" म्हणून कौतुक होतं, तेव्हा बुबुळ मोजा. पहिल्या वर्षात १२ मिमीच्या वर गेलं तर दाब बघितल्याशिवाय सोडू नका.

औषधात एक पक्की मनाई: ब्रिमोनिडिन (डोळ्याचा दाब उतरवायचे थेंब) २ वर्षांखाली नाही. मोठ्यांच्या बाटलीतला तोच थेंब तान्ह्याला गुंगी आणतो, श्वास थांबवू शकतो. घरात आजीला तो चालू असेल तर बाटल्या वेगळ्या ठेवा. टिमोलॉलच्या (तेही दाबाचेच थेंब) आधी दमा विचारा.

प्रसूतिवॉर्ड_रात्रपाळी
थेंबांवरून आठवलं. ऑपरेशननंतर प्रेडनिसोलोन (सूज उतरवायचे थेंब) दिवसात सहा-आठ वेळा असतं. ते गढूळ औषध, बाटली हलवली नाही तर वरचं पाणीच पडतं. बाळ डोळे मिटून असेल तर झोपवून नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब ठेवा. उघडलं की आत जातो. मग तो कोपरा मिनिटभर दाबून धरा, दुसऱ्या थेंबाआधी ५ मिनिटं. अ‍ॅट्रोपिन (बाहुली मोठी ठेवायचं औषध) चालू असताना गाल लाल आणि अंग तापलेलं वाटलं तर तापाचं औषध देण्याआधी पुढचा थेंब थांबवा आणि विचारा. मे महिन्यात ह्यात हमखास गोंधळ होतो.

आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशीला आधीच सांगून ठेवा: डॉक्टर सांगेपर्यंत डोक्यावरून पाणी नाही, काजळ नाही. आईला सांगून भागत नाही, त्या घरात हुकूम मावशीचाच चालतो.

मुळगावकर
खर्चाचं थोडक्यात. जन्मजात मोतीबिंदू राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत आहे, त्यामुळे अंगणवाडी किंवा आरोग्य केंद्राच्या पथकाकडून कागद घेऊन गोमेकॉत जा. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा (गोवा सरकारची आरोग्य विमा योजना) कार्डही सोबत ठेवा.

पट्टीवाली
आणि शाळेसाठी एक. अशा मुलाचं वाचन तपासताना नुसती अक्षरं विचारू नका. देवनागरीत घोळ वरच होतो, अनुस्वार आणि मात्रा. 'मद' आणि 'मंद' एकच वाचलं तर मूल ढ नाही, त्याला टिंब दिसलेलं नाही. मोठा ठसा द्या, पहिला बाक द्या.

म्हापशेकर_मामा
सगळं वाचलं. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठे गेलं? तो १ मिमीचा ठिपका?

भिंगरी
मामांमुळे गाडी रुळावर आली. माझं उत्तर: ऑपरेशन नको हे बरोबर, "काही करायची गरज नाही" हे चूक. पुढच्या ध्रुवावरचा ठिपका स्वतः बहुधा दृष्टी अडवत नाही, पण अशा डोळ्यात दुसऱ्या डोळ्यापेक्षा वेगळा नंबर किंवा तिरपा (सिलिंडरचा) नंबर असण्याची शक्यता जास्त. डोळा आळशी होतो तो त्या नंबराने. ठिपका तसाच राहतो, सगळे ठिपक्याकडे बघत बसतात आणि ४ वर्षांनी शाळेच्या तपासणीत कळतं.

सांतइनेजकर
मलाही तिथेच यायचं होतं. कागदावर "थेंब घालून दोन्ही डोळ्यांचा नंबर, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी" असं हवं. ठिपका पुढे सुळक्यासारखा वाढलेला दिसला तर आणखी जवळच्या तारखा.

पट्टीवाली
थेंब की मलम?

सांतइनेजकर
ह्या वयात अ‍ॅट्रोपिनचं १ टक्का मलम बरं, थेंबासारखं घशात उतरत नाही. तांदळाच्या दाण्याएवढं, दोन वेळा, तीन दिवस.

भिंगरी
आणि तपासणीच्या दिवशी सकाळी घालू नका. बुबुळावर मलमाचा थर बसला की रेटिनोस्कोपमध्ये सगळंच धबधब्यासारखं दिसतं.

काणकोण_एक्सप्रेस
दूधसागर!